माझी सही पुरेशी होती

तिसरं मूल नको, हे आमच्या घरात धाकटीच्या जन्मावेळीच ठरलं. सातव्या महिन्यापासून माझं बीपी चढत गेलं. पायांवर सूज, डोळ्यांपुढे अंधारी, डोकं सतत ठणकत असायचं. आठवा सरता सरता मला तालुक्यावरून साताऱ्याला हलवलं आणि कळा आणून बाळंतपण करावं लागलं. बाळ काचेच्या पेटीत, मी वेगळ्या वॉर्डात. घरी सोडताना डॉक्टर मॅडमनी माझ्या सासूबाईंसमोरच सांगितलं, ‘‘पुन्हा दिवस राहिले तर हे परत होऊ शकतं. यापेक्षा वाईटही होऊ शकतं. आता थांबा.’’ सासूबाईंना आम्ही आत्या म्हणतो. आत्या तेव्हा काही बोलल्या नाहीत, पण गाडीत बसल्यावर त्यांनी माझा हात धरला तो घर येईपर्यंत सोडला नाही. मोठा मुलगा, धाकटी मुलगी. ‘मुलगा हवा’ म्हणून कुणी अडणार नव्हतं, ही माझी सोय होती. प्रत्येकीला ती नसते.

बाळंतपणानंतर सात दिवसांच्या आत कुटुंब नियोजनाचं ऑपरेशन करता येतं. पण मूल पेटीत असताना आणि माझं बीपी उतरलेलं नसताना मॅडमनी घाई केली नाही. मूल हाती लागलंय याची खात्री पटेपर्यंत आईनं कायमचा निर्णय घेऊ नये, असं त्यांचं मत होतं. आज मला ते फार योग्य वाटतं. त्या हळव्या दिवसांत माझ्याकडून कुणीही कशावरही सही घेतली असती.

मग तांबी बसवली. तांबी चांगली. दहा वर्षं चालणारी ३८० ए नावाची तांबी सरकारी दवाखान्यात फुकट बसवून मिळते. चाळिशी ओलांडल्यावर बसवली तर बहुतेक बायकांना ती पाळी जाईपर्यंत पुरते. म्हणजे त्या वयाच्या बाईला ऑपरेशनशिवाय जवळजवळ कायमचा उपाय मिळाला असंच म्हणायचं, आणि नको झाली तर पाच मिनिटांत काढताही येते. माझ्या शाळेतल्या दोन बाई तिच्यावर निर्धास्त आहेत. मला मात्र ती सोसली नाही. पाळीचं अंगावरून जाणं इतकं वाढलं, की फळ्यापाशी उभं राहून तास घेणं जड जायला लागलं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.४. तांबी काढली.

उरल्या गोळ्या. रोज घ्यायच्या नेहमीच्या गोळ्या माझ्या बीपीला चालत नव्हत्या, कारण बीपीची गोळी बाळंतपणानंतरही सुटली नव्हती. तीन महिन्यांनी घ्यायच्या ‘अंतरा’ इंजेक्शनलाही मॅडम माझ्या बाबतीत राजी नव्हत्या. ‘छाया’ ही हार्मोन नसलेली गोळी मला चालली असती. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग आठवड्याला एक. पण गोळी चुकली की पाळी येईपर्यंत जिवाला घोर, आणि मला तो घोरच नको होता. ज्या बाईला नुसतं ‘मूल नको’ एवढंच वाटत असतं तिची गोष्ट वेगळी. मला पुन्हा दिवस राहण्याचीच भीती बसली होती. पाळी दोन दिवस लांबली तरी रात्री उठून मी झोपलेल्या पोरांकडे बघत बसायचे.

मॅडमना मी विचारलं, ‘‘पोट न उघडता कायमचं काही होतच नाही का?’’

असं विचारायला माझ्याकडे कारण होतं. माझ्या आईचं ऑपरेशन शाळेत भरलेल्या शिबिरात झालं होतं. वर्गातली बाकं बाहेर काढून सतरंज्या अंथरल्या होत्या आणि ऑपरेशन झालेल्या बायका ओळीनं जमिनीवर झोपवल्या होत्या. जखमेत पू झाला. पुढं कित्येक महिने आई पाण्याची कळशी डोक्यावर घेताना एक हात पोटाशी धरायची. तो व्रण मी लहानपणापासून पाहिलेला. शिकलेली होते, विज्ञान शिकवत होते, तरी ‘ऑपरेशन’ म्हटलं की मला आईचा तो हात दिसायचा.

मॅडम त्या दिवशी माझ्याशी बराच वेळ बोलल्या. त्यांनी जे सांगितलं ते पुढं मी स्वतः मिळेल तिथून वाचून काढलं, आणि जसजसं वाचलं तसतसा माझा निर्णय पक्का होत गेला. म्हणून ते इथं सविस्तर लिहिते.

सुरी न लावता बाईच्या गर्भनळ्या कायमच्या बंद करायच्या, असा प्रयत्न निदान दोनदा मोठ्या प्रमाणावर झाला. पहिला क्विनॅक्रिनचा. हे मुळात हिवतापावरचं औषध. चिलीतल्या हायमे झिपर या डॉक्टरांनी ते गर्भाशयात ठेवून नळ्यांची तोंडं बंद करण्याची पद्धत काढली. औषधाच्या बारीक गोळ्या तांबी बसवायच्या नळीतूनच आत सोडायच्या. एक महिन्यानं पुन्हा तेच. औषधानं नळीचं तोंड आतून भाजल्यासारखं होतं, व्रण धरतो, नळी बंद होते. भूल नाही, टाका नाही, खर्चही नगण्य. व्हिएतनाममध्ये ३१ हजारांहून जास्त बायकांवर हे करून १९९३ मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. पण हे औषध गर्भाशयात ठेवल्यावर पुढं काय होतं, त्यानं पेशींमध्ये काही बिघाड होतो का, कर्करोगाचा धोका आहे का, याच्या प्राण्यांवरच्या चाचण्याच आधी पुरत्या झालेल्या नव्हत्या. १९९४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं, की या चाचण्या होईपर्यंत बायकांवर याचा वापर थांबवा. तरीही आपल्या देशात काही खासगी डॉक्टर ते करत राहिले. बायकांच्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, आणि १९९८ मध्ये भारत सरकारनं या वापरावर बंदी घातली. कुठल्या बायकांवर हे झालं असेल? गरीब, दूरच्या, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ एवढंच ज्यांना सांगितलं गेलं अशा. त्यांच्यातल्या कितीजणींना आपल्या पोटात काय ठेवलं हे समजलं असेल, या विचारानं मला आजही राग येतो.

दुसरा प्रयत्न श्रीमंत देशातला. ‘एशुअर’ नावाची बारीक स्प्रिंग. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूची, आत पॉलिएस्टरचे धागे. योनीमार्गातून दुर्बीण घालून दोन्ही गर्भनळ्यांच्या तोंडाशी एकेक स्प्रिंग बसवायची. धाग्यांभोवती शरीर स्वतःच मांस धरतं आणि नळी बुजते. पोटाला चीर नाही, की पोटात वायू भरणं नाही. तीन महिने दुसरं साधन वापरायचं आणि मग नळ्या बंद झाल्या का ते तपासून घ्यायचं. अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००२ मध्ये याला परवानगी दिली. मला हवं होतं ते अगदी हेच होतं. पण काही वर्षांत बायका सांगू लागल्या, की ओटीपोट सतत दुखतंय, स्प्रिंग जागची हलली, नळीला किंवा गर्भाशयाला भोक पडलं. बसवताना सुरी लागत नव्हती, पण काढताना लागायची. कित्येकींच्या नळ्या काढाव्या लागल्या, काहींना गर्भाशयही गमवावं लागलं. २०१६ मध्ये तिथल्या नियंत्रकांनी पाकिटावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, २०१८ च्या अखेरीस कंपनीनं अमेरिकेतली विक्री थांबवली. २०२० मध्ये सुमारे ३९ हजार दाव्यांपैकी बहुतेक मिटवण्यासाठी कंपनीनं दीड अब्ज डॉलरहून अधिक रक्कम द्यायचं कबूल केलं.

‘‘म्हणून मी बायकांना सांगते,’’ मॅडम म्हणाल्या, ‘‘चीर नको म्हणून अडून बसू नका. चीर केवढी, कोण देतंय, कुठं देतंय, ते विचारा.’’

मला हे पटलं. ज्याचे गुणदोष पन्नास वर्षांत लाखो बायकांच्या अनुभवातून कळलेत असं छोटं ऑपरेशन मी पत्करेन. ज्याची परीक्षा माझ्याच पोटात व्हायची आहे ती बिनसुरीची युक्ती मला नको.

याउलट टोकाचा सल्लाही मिळाला. माझं अंगावरून जाणं ऐकून आमच्या गल्लीतल्या एका काकू म्हणाल्या, ‘‘पिशवीच काढून टाक ना, दोन्ही कटकटी मिटतील.’’ काकूंनी मायेनंच सांगितलं, त्यांची स्वतःची पस्तिशीत काढलेली. पण मूल नको म्हणून गर्भाशय काढणं हे अवाढव्य ऑपरेशन आहे आणि त्याची किंमत बाई पुढं आयुष्यभर मोजते. बीड जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या तरुण बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं तेव्हा २०१९ मध्ये सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. पाळीत काम बुडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, म्हणून काढलेल्या पिशव्या. गर्भनळ्या बंद करणं वेगळं आणि गर्भाशय काढणं वेगळं. हे दोन्ही ‘बायकांचं ऑपरेशन’ या एकाच नावाखाली बोललं जातं आणि त्यात बायकांचं फार नुकसान होतं.

सगळ्यात लहान ऑपरेशन मात्र बाईचं नाहीच, पुरुषाचं आहे. बिनटाक्याची नसबंदी दहा-पंधरा मिनिटांत होते. जागेवरच भूल, एक बारीक छिद्र, पोटाशी काही संबंध नाही. तो माणूस तासाभरात आपल्या पायानं घरी जातो. तीन महिने दुसरं साधन वापरून वीर्यतपासणी करायची, झालं. फसण्याचं प्रमाण बाईच्या ऑपरेशनपेक्षा कमी, धोकाही कमी. आणि तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या लग्न झालेल्या बायकांपैकी ३७.९ टक्क्यांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं, आणि ज्यांच्या नवऱ्यानं करून घेतलं अशा फक्त ०.३ टक्के. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुन्हा तपासून पाहिले होते.

माझे मिस्टर फौजेत. आमच्या भागात घरटी एक माणूस तिकडं असतो. सुट्टीवर आले तेव्हा मी विषय काढला. ते म्हणाले, ‘‘माझं करू या. युनिटमधल्या दोघा-तिघांनी केलंय, काही होत नाही.’’ इतक्या सरळ म्हणाले, की मला भरून आलं. आत्यांना कळलं आणि त्यांनी जेवण टाकलं. मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, मला ओट्यावर बोलावून त्यांच्या मोठ्या भावाची गोष्ट सांगितली. ते प्राथमिक शिक्षक. आणीबाणीत त्यांना ‘केसेस’ आणायचा कोटा दिलेला, पगार अडकलेला. शेवटी कोटा भरायला त्यांनी स्वतःलाच टेबलावर झोपवलं. १९७६ मध्ये आपल्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयकच मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून त्याचा कायदा झाला नाही. त्या वर्षीची दहशत लोकांच्या हाडात किती मुरली आहे, ते मला त्या संध्याकाळी समजलं. आत्यांचं रडणं अडाणीपणाचं नव्हतं. त्यांनी पोलिसांच्या गाड्या आल्यावर उसात लपलेली माणसं पाहिली होती.

मिस्टर तरीही तयार होते. आत्यांची समजूत मी घालीन म्हणाले. निर्णय मी घेतला, आणि तो आत्यांच्या रडण्यामुळे घेतला नाही. धोका माझ्या जिवाला होता. त्याच्यावरचा कायमचा बंदोबस्त माझ्याच शरीरात असावा, दुसऱ्या कुणाच्या तपासणीच्या कागदावर, सुट्टीच्या तारखेवर अवलंबून नसावा, असं मला मनापासून वाटलं. त्यांना ते कळलं. बाकीच्या जोडप्यांना मात्र मी आजही हेच सांगते, की आधी नवऱ्याच्या ऑपरेशनचा विचार करा.

आम्ही दोघं मिळून मॅडमकडे गेलो. दोन मार्ग होते. एक, मिनिलॅप, म्हणजे ओटीपोटावर दोन-तीन सेंटिमीटरची चीर देऊन नळी बाहेर घ्यायची, बांधायची आणि मधला तुकडा कापायचा. दुसरा, बेंबीपाशी बारीक छेद घेऊन दुर्बिणीनं नळीवर रिंग चढवायची. दोन्हीला पोट फाडणं म्हणता येणार नाही, दोन्ही दिवसाच्या दिवसात होतात. बाळंतपण होऊन सहा आठवडे उलटल्याशिवाय दुर्बिणीचं करत नाहीत. आमची धाकटी तोवर दीड वर्षाची झाली होती. मॅडमनी फसण्याचा आकडाही लपवला नाही. पहिल्या वर्षात हजारात पाचेक बायकांना दिवस राहतात. अमेरिकेत दहा हजारांवर बायकांचा पाठपुरावा करून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दहा वर्षांत हजारामागे १८ ते १९ जणींना दिवस राहिले. ऑपरेशननंतर पाळी चुकली तर थांबायचं नाही, लगेच दाखवायचं, कारण अशा वेळी गर्भ नळीत राहण्याची शक्यता जास्त असते आणि ते जिवावर बेतू शकतं. त्याच अभ्यासात पुढं असंही दिसलं, की तिशीच्या आत ऑपरेशन केलेल्या बायकांपैकी पाचातल्या एकीला नंतर पश्चात्ताप झाला. तिशीनंतर केलेल्यांत शंभरात सहाजणींना. मी तेहतिशीत होते. ‘‘उद्या पोरांचं काही बरंवाईट झालं तर?’’ असं मॅडमनी तोंडावर विचारलं. ऐकायला क्रूर प्रश्न, पण विचारायलाच हवा असा. नळ्या पुन्हा जोडता येतात हे खरं, पण ते मोठं ऑपरेशन, खर्चिक, आणि यशाची हमी नाही. मी विचार करून उत्तर दिलं, की पोरांचं बरंवाईट झालं तरी मी पुन्हा ते बाळंतपण सोसू शकणार नाही.

रक्त कमी असल्यामुळे तेव्हा लगेच ऑपरेशन झालं नाही. सात ग्रॅम हिमोग्लोबिन असलं तरी नियमानं चालतं, पण मॅडमना ते चांगलं दहाच्या वर हवं होतं. लोहाच्या गोळ्या, खजूर, राजगिरा, पालेभाज्या सुरू झाल्या. ते अकरावर आलं तोवर मिस्टरांची सुट्टी संपून ते पोस्टवर पोचले होते.

इथं खरा अडथळा आला. मॅडमनी सुचवलेल्या एका खासगी रुग्णालयात मी नाव नोंदवायला गेले. काउंटरवरच्या माणसानं फॉर्म पुढं सरकवला आणि म्हणाला, ‘‘मिस्टरांची सही लागेल.’’

‘‘ते बॉर्डरवर आहेत.’’

‘‘मग सासऱ्यांना घेऊन या.’’

मी शांतपणे सांगितलं, की ऑपरेशन माझं आहे, मी सज्ञान आहे, सही माझी. तो म्हणाला, ‘‘बाई, उद्या ते येऊन भांडले तर आम्ही काय करायचं?’’ आतल्या डॉक्टरांनाही भेटले. त्यांनी नियम मान्य केला आणि वर म्हणाले, ‘‘पण आमची पद्धत आहे.’’ मी पर्स उचलली आणि बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर हात थरथरत होते. पंचवीस पोरांच्या वर्गाची जबाबदारी सरकार माझ्या एकट्या सहीवर देतं, पगारपत्रक माझ्या सहीवर निघतं, दवाखान्यात नेऊन पोरांना लस देताना माझी सही चालते. माझ्या नळ्यांना तेवढी चालत नाही.

केंद्र सरकारची या ऑपरेशनची नियमावली आहे. तिच्यात स्पष्ट लिहिलंय, की बाई विवाहित असावी, वय २२ च्या पुढं आणि ४९ च्या आत असावं, एक तरी मूल वर्षाच्या वरचं असावं, तिची मनःस्थिती ठीक असावी, नवरा-बायकोपैकी कुणाचं आधी ऑपरेशन झालेलं नसावं. आणि जोडीदाराची संमती आवश्यक नाही. आमच्या गावच्या आशा कार्यकर्त्या, म्हणजे आशाताई, यांना हे तोंडपाठ होतं. त्या म्हणाल्या, ‘‘बाई, सरकारी दवाखान्यात चला. तिथं मी सोबत येते.’’

सरकारी म्हटल्यावर मनात बिलासपूर आलंच. नोव्हेंबर २०१४, छत्तीसगडमधलं शिबिर. एका दुपारी एका सर्जननं ८३ बायकांची दुर्बिणीची ऑपरेशनं उरकली आणि त्यांतल्या डझनभर जणी गेल्या. बहुतेक विशी-तिशीतल्या, कडेवर पोरं असलेल्या. २०१६ मध्ये देविका बिस्वास यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं शिबिरांची ही पद्धत तीन वर्षांत बंद करायला सांगितली. म्हणून मी दवाखान्यातल्या समुपदेशक ताईंना थेट विचारलं, ‘‘त्या दिवशी किती ऑपरेशनं आहेत? दुर्बिणी किती? दोन ऑपरेशनांच्या मध्ये त्या धुतात कशा?’’ मला वाटलं होतं, त्या चिडतील. त्यांनी खुर्ची ओढून दिली. त्या दिवशी सहाजणी होत्या. नियमानं एक सर्जन दिवसाला तीसच्या वर करू शकत नाही, तेही तीन दुर्बिणी हाताशी असतील तर. दुर्बीण जंतुनाशक द्रावणात किती वेळ बुडवून ठेवतात, तेही त्यांनी सांगितलं. मग मराठीतला संमतीचा फॉर्म मला मोठ्यानं वाचायला लावला. ‘मी कुणाच्याही दबावाखाली नाही, ऑपरेशनच्या क्षणापर्यंत मी नकार देऊ शकते, नकार दिला तरी माझ्या इतर उपचारांवर परिणाम होणार नाही’ अशा अर्थाची त्यातली वाक्यं वाचताना मला शाळेतल्या सतरंजीवरची आई आठवली. तिला हे कुणी वाचून दाखवलं नव्हतं. मी सही केली. मिस्टरांना फोन लागला तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘सोबत कोण आहे?’’

सोबत आत्या होत्या. सकाळी न सांगता, डोक्यावरून पदर घेऊन, पिशवीत माझा गाऊन आणि थर्मास घालून त्या एसटीत येऊन बसल्या होत्या.

पाळी सुरू झाल्यापासून आठवड्याच्या आतली तारीख घेतली होती. तरी सकाळी लघवी तपासून दिवस नाहीत याची खात्री केली. रात्रीपासून उपाशी. बीपी दोनदा घेतलं. आत नेण्याआधी सिस्टरनी लघवी करून यायला सांगितलं, कारण मूत्राशय भरलेलं असलं तर इजा होऊ शकते. दंडात एक इंजेक्शन दिलं. त्यानं झोप लागली नाही, फक्त सगळं थोडं दूर गेल्यासारखं झालं. बेंबीखाली सुई टोचून जागा बधिर केली. मग टेबल डोक्याकडून खाली झुकवलं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. आपण घसरतोय असं वाटून मी काठ घट्ट धरला. खालून गर्भाशय हलवून वर घ्यायला एक दांडी घालतात, हेही बायकांना आधी सांगायला हवं. लाज आणि धसका दोन्ही कमी होतील. पोटात वायू भरला तसं पोट तटतटलं. सर्जन मॅडम बोलत होत्या, ‘‘आता डावी नळी... आता थोडं आवळल्यासारखं होईल.’’ झालंच. वेणीच्या शेंड्याला रबर लावताना केसांचा वळसा ओढून घेतो, तशी नळीची एक घडी ओढून तिच्यावर सिलिकॉनची बारीक रिंग चढवतात. घडीचा रक्तपुरवठा तुटतो आणि नळी तिथं कायमची बंद होते. त्या क्षणी पाळीच्या पहिल्या दिवसासारखी जोराची कळ आली. मग उजवीकडची. सिस्टरनी माझं कपाळ धरलं होतं. वायू काढला, एक टाका घातला, पट्टी लावली. सगळं मिळून शाळेचा एक तासही झाला नसेल.

चार तास तिथंच झोपवून नाडी आणि बीपी बघत राहिले. पोटापेक्षा उजवा खांदा जास्त दुखत होता. मी घाबरले, तर सिस्टर म्हणाल्या की पोटात उरलेला वायू वरच्या पडद्याला टोचतो, म्हणून खांदा दुखतो, दोन दिवसांत जाईल. तसंच झालं. संध्याकाळी आत्यांचा हात धरून चालत गाडीत बसले.

दोन दिवस पडून होते. नंतर हलकी कामं केली. कळशी, गॅसची टाकी, धाकटीला कडेवर घेणं आठवडाभर बंद ठेवलं. सातव्या दिवशी टाका निघाला. महिन्यानं पाळी आल्यावर पुन्हा तपासणी आणि मग ऑपरेशन झाल्याचं प्रमाणपत्र. ते जपून ठेवावं. पुढं ऑपरेशन फसलं तर सरकारच्या योजनेतून भरपाई मागायला तेच लागतं, आणि कित्येक बायकांना ते मागून घ्यायचं असतं हेच माहीत नसतं.

‘ऑपरेशननं कंबर धरते, वजन वाढतं, मन उडतं’ हे मीही ऐकून होते. नळ्या बंद झाल्या तरी बीजकोश आपलं काम करतच राहतात, हार्मोन्स तीच, पाळीही तीच. माझी पाळी तांबी काढल्यावर जशी झाली होती तशीच राहिली. मनाचं म्हणाल, तर पाळी लांबली तरी मी आता रात्री उठून बसत नाही. एवढं सुख मला पुष्कळ झालं.

आमच्या शाळेत येणाऱ्या पोरांच्या आया मला विचारतात, म्हणून हे लिहिलं. नवरा तयार असेल तर आधी त्याच्या बिनटाक्याच्या ऑपरेशनची चौकशी करा. चाळिशीला आल्या असाल आणि अंगावरून फार जात नसेल, तर तांबीचा विचार करा. वय तिशीच्या आत असेल तर घाई करू नका. पोट न उघडता, एका इंजेक्शनात किंवा गोळीत कायमचं करून देतो असं कुणी म्हणालं, तर त्या औषधाचं नाव आणि सरकारी मान्यता लेखी मागा आणि तोवर टेबलावर झोपू नका. दुर्बिणीचं किंवा मिनिलॅप करायचं ठरलं तर त्या दिवशी किती बायका आहेत ते विचारा, फॉर्म स्वतः वाचा किंवा वाचून घ्या. आणि कुणी ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणालं, तर त्यांना सांगा की नियमानं तुमची एकटीची सही पुरते. नाही ऐकलं तर आशाताईंना सोबत घेऊन दुसऱ्या दवाखान्यात जा.